आसुंताबाईंचे अक्रोड

ऑक्टोबर लागला की आमच्या नेकारसुल्मच्या रस्त्यांना आंबूस-गोड वास येऊ लागतो. उतारावरच्या मळ्यांतून द्राक्षांनी भरलेल्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर गावातून जातात, वळणावर हिंदकळून चार घोस खाली पडतात, आणि कारखान्याची पाळी सुटून घरी निघालेली माणसं त्या चिकट रस्त्यावरून सायकली जपून नेतात. चौकातला आन्जेलो आपल्या आइसडीलेतल्या, म्हणजे आइस्क्रीमच्या दुकानातल्या, खुर्च्या एकावर एक रचू लागतो. थंडीभर दुकान बंद ठेवून तो इटलीला, आपल्या माणसांत जातो. काल रेवाला शाळेतून आणताना त्याने हाक मारली, पिस्त्याचा उरलासुरला गोळा तिच्या हातात दिला आणि मला विचारलं, "मावशीला काही निरोप?" मी म्हटलं, "सांग, अक्रोड पाठव." दर वर्षी त्याचा हाच प्रश्न असतो आणि माझं हेच उत्तर. रेवाने जर्मनमध्ये विचारलं, "कसले अक्रोड?" तिला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की बाहेर जर्मनच येतं. मी म्हटलं, "तुझे." तिला काही उमगलं नाही. गोळा वितळत होता, त्यामुळे तिने पुढे विचारलंही नाही.

ती अजून पोटात होती तेव्हाची गोष्ट. युरोच्या नोटा नुकत्याच हातात आल्या होत्या आणि नव्या कोऱ्या होत्या.

आमच्यात, म्हणजे पुण्या-मुंबईहून इथल्या मोटारींच्या कारखान्यांत येऊन पडलेल्या इंजिनियर मंडळींत, इटली बघत नाहीत, इटली 'करतात'. व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स, रोम, एवढं सगळं एका सुट्टीत. एकाने बनवलेली एक्सेलची शीट दुसऱ्याला जाते, दुसऱ्याची तिसऱ्याला. कुठे गाडी लावायची, कुठल्या हॉटेलात खोलीत गुपचूप कुकर लावता येतो, पिसाच्या मनोऱ्याला टेकू दिल्यासारखा फोटो नेमका कुठून येतो, सगळं त्यात असतं. समीरला ही शीट त्सुफेनहाउझेनच्या मित्राकडून मिळाली होती आणि त्याने तिच्यात रंग भरले होते. माझ्या नवऱ्याला प्रवासापेक्षा प्रवासाची आखणी जास्त आवडते. त्या शीटवर पाणी ओतलं ते माझ्या डॉक्टरीणबाईंनी. सातवा महिना आहे, गाडीत बसा, मध्ये मध्ये उतरा, पण रोज नवं गाव आणि रोज नवी पळापळ चालणार नाही, असं त्यांनी बजावलं. समीरचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेव्हा आन्जेलोनेच तोड काढली. उंब्रियातल्या एका खेड्यात त्याची आसुंता मावशी एकटी राहते, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते, जर्मन बोलते. "एकाच ठिकाणी बसा," तो म्हणाला, "इटली तुमच्याकडे येईल." समीर घरी येईपर्यंत कुरकुरत होता.

त्या खेड्याचं नाव मी इथे सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या सुट्टीत त्याचीही शीट होईल.

आमच्याबरोबर आई होत्या. आई म्हणजे समीरची आई, माझ्या सासूबाई. माझी स्वतःची आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे 'आई' ही हाक मी पुन्हा मारायला शिकले ती लग्नानंतर, मिरजेत. त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर माझ्या बाळंतपणासाठी आल्या होत्या. येताना डिंक, अळीव, बाळंतशेपा आणि एक पोलपाट घेऊन आल्या. जर्मनीत लाकूड मिळत नाही असा त्यांचा समज असावा. बोलायला फटकळ, हाताला चव, आणि गल्लीत कुणाचंही डोहाळजेवण असो, पहिली ओटी आईंनी भरायची असा मिरजेत शिरस्ताच होता. आदल्या वर्षी अण्णा, म्हणजे माझे सासरे, गेले आणि तो शिरस्ता बंद पडला. कुणी तसं बोललं नव्हतं. "कुणी म्हणायच्या आधी आपणच बाजूला व्हावं," असं त्या म्हणायच्या, आणि भाजीत मीठ घालावं इतक्या सहज म्हणायच्या.

ओटी म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण ती कुणी भरायची हा आमच्या घरात त्या ऑक्टोबरात मोठाच प्रश्न होऊन बसला होता. सातव्यातली माझी ओटी आईंनी भरावी असं मला वाटत होतं. दुसऱ्या कुणाची मला नकोच होती. आणि आईंनी मला न विचारता त्सुफेनहाउझेनच्या सुनंदाला फोन करून ठरवून टाकलं होतं, कारण सुनंदा सवाष्ण. मी म्हटलं, "अहो आई, तुम्ही असताना सुनंदा कशाला?" त्या म्हणाल्या, "तू ह्यात पडू नकोस, मेधा." मला फार वाईट वाटलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, आणि त्या बाहेर कणीक तिंबत राहिल्या. आम्ही इटलीला निघालो ते हा विषय गाडीच्या मागच्या सीटवर दोघींच्या मध्ये ठेवून.

स्वित्झर्लंड वाटेवरच होतं, पण आईंचा व्हिसा तेव्हा तिथे चालत नसे, म्हणून आम्ही ऑस्ट्रियातून डोंगर ओलांडला. ब्रेनरच्या घाटात आईंनी दशम्या काढल्या. खाली उतरल्यावर सफरचंदांच्या बागा लागल्या, मग सपाट मुलूख, मग पुन्हा डोंगर आणि बोगदे. प्रत्येक बोगद्यातून बाहेर आलं की ऊन थोडं पिवळं झालेलं असायचं. संध्याकाळी एका टेकडीवर दगडी घरांचा पुंजका दिसला, सगळ्यांची कौलं एकाच जुन्या तांबूस रंगाची, आणि बाजूने सुरूसारखी उंच काळी झाडं. आई खिडकीला नाक लावून बघत होत्या. "हे तर पन्हाळ्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. नंतर चार दिवस प्रत्येक टेकडी त्यांना कुठल्या ना कुठल्या गडासारखी दिसली.

आसुंताबाई फाटकात उभ्या होत्या. बुटक्या, रुंद, काळा झगा, वर काळा स्वेटर आणि कमरेला दोरीने बांधलेली वीतभर लांबीची लोखंडी किल्ली. आन्जेलोने सांगितलं नव्हतं ते त्यांनी जिना चढता चढता सांगितलं. त्या आणि त्यांचा नवरा तरुणपणी नेकारसुल्मलाच होते, समीरच्याच कारखान्यात. त्या गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या. समीर थक्क झाला, कुठल्या मॉडेलची, कुठल्या हॉलमध्ये, असं विचारत सुटला. "या, या, गेनाऊ," म्हणजे हो हो, अगदी तसंच, असं म्हणत त्यांनी त्याला वाटेला लावलं आणि माझ्या पोटाकडे बघितलं. नंतर त्या आईंकडे वळल्या. आईंचं मोकळं कपाळ, फिकी करडी साडी आणि पायात माझे हिवाळी बूट, एवढं सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं. "हिचाही गेला," त्या मला म्हणाल्या. विचारलं नव्हतंच, त्यांना कळलं होतं. मी मान हलवली.

त्यांच्याकडचा पाव अळणी निघाला. आईंनी एक घास खाऊन माझ्याकडे पाहिलं. "मीठ विसरल्या वाटतं. सांगू नकोस, वाईट वाटेल." दुसऱ्या दिवशीही पाव अळणी. मग कळलं की त्या भागात पाव अळणीच करतात, पिढ्यान्‌पिढ्या. आईंनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली, पावावर पसरली आणि आसुंताबाईंपुढे धरली. त्यांनी खाल्ली, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी पुन्हा पाव पुढे केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी चुलीवर एक जाड गोल तवा ठेवला आणि त्यावर पिठाचा जाड रोटला भाजायला टाकला. आई उठून उभ्याच राहिल्या. "अगं, ही भाकरी!" मग जरा वेळाने, "पण केवढी जाड. आत कच्ची राहील, सांग त्यांना." मी सांगितलं नाही. ती कच्ची राहिली नाही.

सकाळी खालची दरी धुक्याने भरलेली असायची आणि पलीकडच्या टेकडीवरचं गाव वर तरंगत असायचं. घंटा वाजायची तीसुद्धा धुक्यातून यायची. ऊन वर आलं की एकेक गोष्ट दिसू लागे, द्राक्षांच्या ओळी, ट्रॅक्टर, पानं झडलेल्या झाडावर लागलेली केशरी फळं. मी अंगणात बाकावर पाय वर घेऊन बसायचे. अंगणात कुंडीखाली एक कोरीव दगड होता, वेलबुट्टीचा, रोमन काळातला असं आसुंताबाई म्हणाल्या. दुसऱ्या तुकड्यावर त्या कपडे आपटायच्या. समीरला हे बघवेना. "हे म्युझियममध्ये पाहिजे," तो म्हणाला. "तिथे कपडे कोण धुणार?" आसुंताबाईंनी विचारलं. गावात सगळीकडे तसंच होतं. जुन्या कमानीखाली स्कूटर, कुणा सरदाराच्या घरात न्हाव्याचं दुकान, वेशीच्या भिंतीला टेकून म्हाताऱ्यांच्या खुर्च्या. जपून ठेवलेलं असं फारसं काही नव्हतं, वापरात होतं म्हणून टिकलं होतं. आईंना ते मनापासून आवडलं. संध्याकाळी त्या म्हाताऱ्यांच्या ओळीत जाऊन बसायच्या, म्हाताऱ्या इटालियनमध्ये बोलायच्या, आई मराठीत, आणि कुणाचंच काही अडायचं नाही.

चौथ्या दिवशी समीरचा धीर सुटला. पहाटेच्या गाडीने तो एकटा रोम करायला गेला. आसुंताबाईंनी त्याला पाव बांधून दिला आणि तो गेल्यावर मला म्हणाल्या, "आल्झो," म्हणजे तर मग, "आता बायका बायका. चला."

किल्ली होती ती देवळाची. गावाबाहेर, ओकच्या झाडांत, आपल्या वाटेवरच्या मारुतीएवढं एक छोटं चॅपेल होतं. दार करकरलं, आत गार अंधार आणि जुन्या मेणाचा वास. आसुंताबाईंनी मेणबत्ती लावून भिंतीपाशी धरली. भिंतीवर मेरी होती. बाळ घेतलेली नव्हे. ती बसलेली होती, दोन्ही हात पोटाखाली धरून, पाय थोडे फाकलेले, चेहरा थकलेला. एका बाजूचं प्लास्टर गळून गेलं होतं. कुणी काढली ते कुणालाच माहीत नव्हतं. "बाई गं," आई हळूच म्हणाल्या, "ही तर दिवस भरत आलेली आहे." मी स्वतः त्या वेळी अगदी तशीच उभी होते, हात पोटाखाली. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईची कंबर दुखत असणार हे मला शपथेवर सांगता आलं असतं.

आसुंताबाईंनी कालची फुलं काढली, नवी ठेवली, भिंतीच्या कडेची धूळ पुसली, पायाशी मूठभर अक्रोड ठेवले. आई उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. तिथूनच त्यांनी मला विचारलं, "ह्यांना चालतं?" मी विचारलं. आसुंताबाईंना प्रश्नच कळेना. नवरा गेल्यापासून किल्ली आपल्याकडेच आहे, त्या म्हणाल्या. आधी दुसऱ्या एका विधवेकडे होती. गावातली कुणीही अडली की आधी आपल्याला बोलावतात, आपण इथे येऊन दिवा लावतो, मग डॉक्टर.

मी ते मराठीत सांगितलं. आई म्हणाल्या, "सांग त्यांना, आमच्यात तसं नाही. सांग की..." आणि थांबल्या. "सांग, अण्णा गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात हिच्या पोटातलं पहिलं गेलं. तिसऱ्या महिन्यात. मी तेव्हा हिच्यासाठी देवीची ओटी भरली होती. तेराव्यानंतर लगेच. कुणाला न सांगता. माझ्या हाताने पुन्हा काही वाईट व्हायला नको."

हे मला पहिल्यांदाच कळत होतं. दीड वर्षं ह्या बाईने हे एकटीने पोटात ठेवलं होतं, आणि मी समजत होते की ती रूढी धरून बसली आहे. आणि आता ते मलाच जर्मनमध्ये सांगायचं होतं, माझ्याच बाळाबद्दल, माझ्याच तोंडाने. मध्येच व्याकरण सुटलं. आसुंताबाईंनी ऐकून घेतलं, मेणबत्ती खाली ठेवली.

"मी एक मूल पुरलं आहे," त्या म्हणाल्या, "तिथे, तुमच्या नेकारसुल्मला. नंतर इथे नवरा. म्हणूनच किल्ली माझ्याकडे. ज्या बाईचं काहीच गेलेलं नाही तिला इथे काय मागायचं ते कसं कळणार?"

मी ते शब्दाला शब्द लावून मराठीत आणलं. आईंनी माझ्या बुटांतून पाय काढले आणि उंबरा ओलांडून आत आल्या.

घरी आलो. अंगणातल्या झाडाचे अक्रोड खाली पडले होते, हिरव्या साली काळ्या पडून फुटलेल्या. आसुंताबाई ते सोलत होत्या, बोटं काळीभोर. उद्या आम्ही निघणार होतो. त्यांनी एप्रन भरून अक्रोड घेतले, वर द्राक्षांचा एक घोस ठेवला, आणि आईंसमोर येऊन हनुवटीने खूण केली, धर म्हणून. बांधून द्यायला पिशवी शोधायचा त्यांना कंटाळा आला होता, एवढंच. आणि आईंनी, जन्मभराच्या सवयीने, उभं राहून पदर पुढे पसरला.

पसरल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पदर आखडावा तशी त्यांच्या हातांची हालचाल झाली, पण तोवर अक्रोड खडखडत आत पडले होते. पदरात पडलेलं झटकता येत नाही. आई तशाच उभ्या राहिल्या, दोन्ही हातांत पदराची टोकं, त्यात अक्रोड आणि द्राक्षं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. आसुंताबाई घाबरल्या. "जड झालं का?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "नाही. बरोबर आहे."

मग आईंची एकदम धांदल उडाली. पदर कमरेला खोचून त्या स्वयंपाकघरात गेल्या, आम्ही नेलेल्या तांदळाचा डबा घेऊन आल्या. आधी आसुंताबाईंचा एप्रन पुढे ओढला आणि त्यात ओंजळ ओंजळ तांदूळ घातले. त्यांनी निमूटपणे घालून घेतले, जणू पाहुणे जाताना तांदूळ देतातच. मग आई माझ्याकडे वळल्या.

"पदर पुढे कर."

मी समीरचा जुना स्वेटशर्ट आणि गर्भारपणाची डंगरी घातलेली. पदर कुठून आणू? त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, तोंड वाकडं केलं. "काय तरी मेले कपडे. तो सदरा धर असा." मी स्वेटशर्टची कड दोन्ही हातांनी पुढे धरली. त्यांनी तांदूळ घातले, घोसातून तोडून द्राक्षं घातली, आणि नारळ नव्हता म्हणून आपल्या पदरातला सर्वांत मोठा अक्रोड. ओटी भरून झाली तरी त्यांनी हात मागे घेतला नाही, माझ्या पोटावर ठेवला. आत रेवाने लाथ मारली. आई दचकल्या, आणि मग हसल्या. अण्णा गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं, आणि तेही इटलीतल्या परक्या घरात.

संध्याकाळी समीर आला तो दमलेला आणि भारावलेला. कलोसियम, कारंजी, पोपचा चौक, सगळं झालं होतं. "काय चुकवलंत तुम्ही!" तो म्हणाला. अंगणात आम्ही तिघी अक्रोड फोडत बसलो होतो, तिघींची बोटं काळी. आईंनी एक गर त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "खा. हात पाय धुऊन ये."

सुनंदाचा कार्यक्रम नंतर झालाच, हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीसकट, आणि छान झाला. तिला मी काही बोलले नाही. रेवा डिसेंबरात झाली, धडधाकट, आणि व्हिसा संपला म्हणून आई महिनाअखेरीस मिरजेला परत गेल्या. सामानात पोलपाट नव्हता, तो मला ठेवला. अक्रोड होते.

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. त्या फोनवर नेहमी घाईत बोलतात. "ऐक. काल हळदीकुंकू केलं. गल्लीतल्या सगळ्या बोलावल्या, आणि माझ्यासारख्या चौघी होत्या त्याही. त्यांच्याही ओट्या भरल्या मी. दोघी यायला तयार नव्हत्या, हाताला धरून आणल्या."

मी म्हटलं, "अक्रोड घातलेत?"

"ते केव्हाच संपले. शेंगा घातल्या भुईमुगाच्या."

"आणि तुमची ओटी, आई?"



"भरली की. शेजारच्या कमलने. तिचे यजमान गेले ना दिवाळीत. तिचा हात पुढे येईना. मी म्हटलं, भर गं बाई, काही होत नाही. तुला माझ्या नातीचा फोटो दाखवते."